विंचवाचं बिऱ्हाड

वेस्ट मांबलममध्ये नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. हयातीचा दाखला द्यायचा असतो. काही जण बँकेत जाऊन रांगेत बसतात, काही जण शेजारच्या मुलाकडून मोबाइलवर चेहरा दाखवून घेतात, आणि उरलेले आर्य गौडा रोडच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतली झेरॉक्सची दुकानं गाठतात. ही दुकानं नुसती झेरॉक्सची नसतात. दारावर ‘ब्राउझिंग सेंटर’ अशी पाटी असते, आत दोन-तीन जुने कॉम्प्युटर असतात आणि त्यातल्या एकावर दुकानातला मुलगा लोकांची कामं करून देतो. आजोबा त्याला आपल्या ई-मेलचा पासवर्ड मोठ्यानं सांगतात, कारण त्यांना कमी ऐकू येतं आणि म्हणून सगळ्यांनाच कमी ऐकू येतं असं त्यांना वाटतं. पासबुकाचं पान, आधार, पॅन, मुलीच्या व्हिसासाठी लागणारं पत्र, असं काय काय उतरवलं जातं, छापलं जातं, पैसे दिले जातात, माणूस घरी जातो. कागद घरी जातो. फाइल तिथेच राहते.

अशा कॉम्प्युटरचं ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडलं तर त्यात अख्खी गल्ली राहत असते. कोणाचं घरभाडं किती, कोणाच्या रक्तात साखर किती, कोणाच्या जावयाचा पगार किती. दुकानदार चोर नसतो. बहुतेक वेळा तो सज्जनच असतो, म्हाताऱ्यांकडून पाच रुपये कमी घेतो. पण विसरणं हे काम त्या दुकानात कोणाच्याच वाट्याला दिलेलं नसतं. लक्षात ठेवणं मशीन आपोआप करतं. विसरायला मात्र माणूस लागतो आणि त्याला वेळ नसतो.

आता याच दुकानात एखादा माणूस येतो. खिशातून अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह काढतो, बंद कॉम्प्युटरला लावतो, चालू करताना कीबोर्डवरची एक कळ दाबून धरतो, आणि पडद्यावर दुकानाचा नेहमीचा विंडोज उगवतच नाही. दुसरंच काही तरी उगवतं. त्या माणसाची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, त्याची भाषा, त्याचे प्रोग्राम, त्याची मांडामांड. तासाभरानं तो मशीन बंद करतो, पेन ड्राइव्ह खिशात टाकतो आणि निघून जातो. दुकानाच्या डिस्कवर तो आल्याची एक अक्षराचीही खूण नसते.

आपल्याकडे याला तयार शब्द आहे: विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. सतत बदलीच्या गावी फिरणाऱ्यांना, भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्यांना आपण हे म्हणतो, थोड्या कौतुकानं आणि थोड्या कीव येऊन. खरं तर विंचवीण पाठीवर घर वाहत नाही. तिची नुकती जन्मलेली पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत तिच्या पाठीवर असतात. म्हणजे म्हण तयार करणाऱ्यानं चांगलं निरखलं होतं आणि अर्थ मात्र आपल्या सोयीचा काढला होता. तरी ‘बिऱ्हाड’ हा शब्द इथे मला ‘घर’पेक्षा बरोबर वाटतो. घराला भिंती असतात, बिऱ्हाडाला नसतात. बिऱ्हाड म्हणजे भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, देव, आणि चहा कसा करायचा याची सवय. भिंती दुसऱ्याच्या.

पेन ड्राइव्हवरची सिस्टीम हे करते कसं, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यातूनच निघतो. कॉम्प्युटर चालू झाला की त्याला आधी फक्त आपल्या हातापायांची जाणीव असते: कीबोर्ड आहे, पडदा आहे, मेमरी आहे. आपण कोण, हे त्याला ठाऊक नसतं. ते त्याला कुठून तरी वाचून घ्यावं लागतं. रोज तो आपल्या पोटातल्या डिस्ककडून वाचतो. पण त्याला सांगितलं की आज पेन ड्राइव्हकडून वाच, तर तो तेही तितक्याच निष्ठेनं करतो. पेन ड्राइव्हवर सिस्टीम दाबून भरलेली असते, फक्त वाचता येईल अशी. काम करताना जे काही लिहिलं जातं ते मशीनच्या तात्पुरत्या मेमरीत. छापील पानावर काच ठेवून काचेवर खडूनं लिहावं, तसं. वाचताना पान आणि खडू एकत्र दिसतात. वीज गेली की काच पुसली जाते आणि पान कोरं करकरीत. काही तरी टिकायला हवं असेल तर ड्राइव्हवरच एक वेगळा कप्पा राखता येतो, पण तो मुद्दाम मागावा लागतो. विसरणं हा इथला मूळ स्वभाव आहे आणि लक्षात ठेवणं ही खास सोय. झेरॉक्सच्या दुकानाच्या बरोबर उलट.

क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसानं 2000 साली ‘क्नॉपिक्स’ नावाची अशी सिस्टीम आणली ती सीडीवरची होती. 700 एमबीच्या सीडीत त्यानं दोन जीबीच्या आसपासचं सामान दाबून बसवलं होतं. त्याच वर्षी बाजारात आलेल्या पहिल्यावहिल्या पेन ड्राइव्हमध्ये 8 एमबी मावत होते. त्यात बिऱ्हाड सोडा, एक पेटीही बसली नसती. आज बाजारात मिळणाऱ्या साध्यातल्या साध्या ड्राइव्हवर अख्खी लिनक्स सिस्टीम बसून वर जागा उरते. आणि ती बसवणं कायदेशीर आहे, हेही महत्त्वाचं. लॅपटॉपबरोबर येणाऱ्या विंडोजचा परवाना बहुधा त्या यंत्राशी बांधलेला असतो; लिनक्सचा परवाना यंत्र कोणतं हे विचारत नाही. मांबलम स्टेशनवरून तांबरमच्या लोकलमध्ये बसलं की क्रोमपेट लागतं. तिथल्या एमआयटीच्या परिसरात असलेलं एयू-केबीसी संशोधन केंद्र आणि चेन्नईचंच सी-डॅक यांनी मुक्त सॉफ्टवेअरसाठीचं राष्ट्रीय केंद्र एकत्र चालवलं, आणि त्याच कामातून भारतीय भाषांत चालणारी ‘बॉस’ ही लिनक्स आली. म्हणजे या लाइनवर राहणाऱ्याला हा विषय परका म्हणायची सोय नाही.

खूण न ठेवण्याची कला टोकाला नेली ती ‘टेल्स’ या सिस्टीमनं. 2009 पासून ती आहे. तिच्या इंग्रजी नावात स्मृतिभ्रंशाचा शब्द अभिमानानं घातलेला आहे. मशीन बंद करताना ती तात्पुरती मेमरीसुद्धा पुसते, आणि काम चालू असताना कोणी पेन ड्राइव्ह उपटला तर तत्काळ सगळं बंद करून टाकते. 2013 साली एडवर्ड स्नोडेनची कागदपत्रं हाताळणाऱ्या पत्रकारांनी ती वापरली, तेव्हा ती जगाला माहीत झाली. पण तिची खरी गरज अशा थोर प्रसंगांपेक्षा फार साध्या जागी आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्याच कॉम्प्युटरवरून मदत शोधणारी बाई असेल, किंवा मांबलमच्या दुकानात पासवर्ड ओरडून सांगणारे आजोबा असतील. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. तो खटला लढणारे के. एस. पुट्टस्वामी हेही निवृत्त न्यायाधीश, वयाची ऐंशी उलटल्यावर न्यायालयाची पायरी चढलेले. हा हक्क म्हाताऱ्या माणसानं मागून घेतलेला आहे, आणि म्हाताऱ्या माणसांपर्यंतच तो सर्वांत कमी पोचलेला आहे.

तर मग खूण न ठेवणं चांगलंच, असं म्हणून थांबता येईल का? मला थांबता येत नाही.

पहिली अडचण दुकानदाराची. 2011 साली केंद्र सरकारनं सायबर कॅफेंसाठी नियम केले. येणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, नोंदवहीत त्याचं नाव आणि वेळ लिहायची, ती वही किमान वर्षभर जपायची, कोणत्या मशीनवरून कोणती संकेतस्थळं उघडली त्याचीही नोंद वर्षभर ठेवायची. बसायच्या खणांच्या फळ्या साडेचार फुटांपेक्षा उंच नसाव्यात, इतकं त्यात बारकाईनं लिहिलेलं आहे. हे नियम प्रत्येक दुकान पाळतं असं म्हणायचं धाडस कोणी करणार नाही. पण कायद्याच्या नजरेत यजमानाचं काम ठरलेलं आहे: पाहुण्याची आठवण ठेवणं. आणि पाहुणा पेन ड्राइव्ह घेऊन येतो तो नेमका विसरला जाण्यासाठी. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. उद्या पोलीस दारात आले तर उत्तर दुकानदाराला द्यावं लागणार, पाहुण्याला नाही. मी माझी सुरक्षितता जपली तेव्हा माझ्या वाटणीचा धोका नाहीसा झाला नाही. त्यातला काही भाग सरकून गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे गेला. तारेवरून काय गेलं ते पलीकडच्यांना दिसू शकतंच, त्यावर दुकानाचा पत्ता असतो, माझा नसतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

कॉम्प्युटरच्या मालकानं पासवर्ड लावलेला असतो. आपल्याला वाटतं तो कुलपासारखा आहे. पण साध्या, डिस्कवरचा मजकूर सांकेतिक न केलेल्या मशीनवर पासवर्ड हा भिंतीत बसवलेला नसतो. तो घरात राहणाऱ्या सिस्टीमनं लावलेला नियम असतो. ती सिस्टीम जागी असेल तर ती दारात उभी राहून पासवर्ड मागते. मी पेन ड्राइव्हवरून माझी सिस्टीम उठवली तर ती झोपलेलीच राहते. नियम सांगणारंच कोणी जागं नसल्यामुळे घरातली सगळी कपाटं उघडी असतात. नेहमीच्या लिनक्सच्या ड्राइव्हवर तर मालकाची डिस्क फोल्डरांच्या यादीत आपणहून दिसते. एक टिचकी मारली की उघडते. फोटो, पत्रं, हिशेब. आणि बघून झाल्यावर बंद केलं की मी काही बघितलं याची खूण राहत नाही, कारण मुळात मी आल्याचीच खूण नाही. नव्या लॅपटॉपांवर बहुधा डिस्क सांकेतिक केलेली असते आणि तिथे हे चालत नाही. पण झेरॉक्सच्या दुकानांत आणि आपल्या घरांत जी यंत्रं असतात ती नवी नसतात.

म्हणजे जी वस्तू दुबळ्याचं रक्षण करते, तीच वस्तू, काहीही न बदलता, घरमालकाच्या तिजोरीची किल्ली आहे. एक काम चांगल्या ड्राइव्हचं आणि दुसरं वाईट ड्राइव्हचं, अशी वाटणी इथे नाही. कौल एकच, पाऊस दोन्हीकडून.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लाउकॉन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. गायगीस त्याचं नाव. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे फिरवला की तो दिसेनासा होतो. मग तो राजवाड्यात जातो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लाउकॉनचं म्हणणं असं की अशी अंगठी मिळाली तर सज्जन आणि दुर्जन यांत फरक उरणार नाही. लोक नीट वागतात ते खूण मागे राहते म्हणून. सॉक्रेटिसला हे खोडून काढायला पुढचा जवळजवळ सगळा ग्रंथ लागला, यावरूनच प्रश्नाचं वजन कळतं. आपल्याला आता ती अंगठी काही शे रुपयांत मिळते आणि दुकानदार वर बिलही देतो.

आपल्याकडची गोष्ट मला याहून अवघड वाटते. मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती शंकराचार्यांना कामशास्त्रावर प्रश्न विचारते. ते संन्यासी. महिन्याची मुदत मागून घेतात, आपलं शरीर शिष्यांच्या राखणीत गुहेत ठेवतात आणि नुकत्याच मेलेल्या अमरुक राजाच्या देहात शिरतात. ‘शंकरदिग्विजया’तली ही कथा, तिला इतिहास मानायचं कारण नाही. पण ती कथा रचणाऱ्यांना जो प्रश्न पडला तो बघण्यासारखा आहे. त्यांना पडलेली काळजी आचार्यांच्या ब्रह्मचर्याची. आणि उत्तर असं की ज्या देहानं भोग घेतले तो देह आचार्यांचा नव्हता, म्हणून दोष लागत नाही. शरीर राजाचं, मी त्यात आलो आणि गेलो. पेन ड्राइव्ह खिशात टाकून निघणाऱ्या माणसाचं हेच म्हणणं असतं. राजाच्या राण्यांना मात्र कोणी विचारलं नव्हतं. मेलेला नवरा उठून बसला म्हणून त्या आनंदल्या. तो तो नव्हता.

ग्लाउकॉनच्या गोष्टीत आणि या गोष्टीत दोन्हीकडे एक राजवाडा आहे, एक राजा आहे, आत शिरणारा परका आहे. गायगीस दुष्ट म्हणून आपण त्याला सहज नाकारतो. आचार्य पूज्य, त्यांचा हेतू ज्ञानाचा. आणि तरीही आत शिरताना परवानगीचा प्रश्न कोणाला सुचला नाही. पद्मपादानं मत्स्येंद्रनाथाचं उदाहरण देऊन सावध केलं ते गुरू स्वतःला विसरेल या भीतीनं. घरच्यांचं काय, हे त्यानंही विचारलं नाही. हेतू चांगला असला की विचारायचं राहून जातं. वाईट हेतूनं शिरणाऱ्याला निदान आपण शिरतोय हे माहीत तरी असतं. कथेत पुढे राजाच्या मंत्र्यांना संशय येतो, तोही का, तर राजा आधीपेक्षा बरा वागू लागला म्हणून. खूण राहिलीच.

सिस्टीम बनवणाऱ्यांपैकी काहींना मात्र हा प्रश्न सुचला होता, आणि याचं मला कौतुक वाटतं. मायक्रोसॉफ्टनं 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर कंपन्यांसाठी ‘विंडोज टू गो’ आणलं. पेन ड्राइव्हवरून चालणारं पूर्ण विंडोज. त्यात यजमान कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्क मूळ मांडणीतच दिसेनाशा केलेल्या होत्या. पाहुण्यानं कपाटांकडे बघायचं नाही, असं शिकवूनच त्याला पाठवलेलं होतं. चुकून ड्राइव्ह निघाला तर काम गोठायचं आणि परत लावायला साठ सेकंद मिळायचे. 2020 च्या आवृत्तीत कंपनीनं तो प्रकारच काढून टाकला. ‘टेल्स’ही सुरू करतानाच मुद्दाम जास्तीचा अधिकार मागितल्याशिवाय यजमानाची डिस्क उघडत नाही. म्हणजे जी सिस्टीम खूण न ठेवण्यासाठीच जन्माला आली, तिच्याच कर्त्यांनी तिला घरातल्या वस्तूंना हात न लावण्याचं वळण लावलं. हे वळण मोडता येतं. पण मोडायला हात उचलावा लागतो, आणि हात उचलताना माणसाला कळतं की आपण काय करतोय.

इथे केन थॉम्प्सनची आठवण ठेवायला हवी. 1984 मध्ये छापून आलेल्या त्याच्या भाषणात त्यानं दाखवलं की प्रोग्राम तयार करणारं साधनच दूषित असेल तर तुम्ही ओळ न् ओळ वाचूनही फसाल. पेन ड्राइव्हवाल्यालाही हे लागू आहे. दुकानाच्या विंडोजवर माझा विश्वास नाही म्हणून मी माझी सिस्टीम आणली. पण कीबोर्ड त्याचा, पडदा त्याचा, मेमरी त्याची, ड्राइव्हवर जे आहे ते कोणी तरी अनोळखी लोकांनी लिहिलेलं. अविश्वासाला तळ नाही. कुठे तरी विश्वास टाकूनच बसावं लागतं, आणि ज्याच्या खुर्चीवर बसलो त्यालाच तेवढा वगळायचा, हे मला बरं दिसत नाही.

खूण ठेवण्याची दुसरी टोकाची रीत बघायची असेल तर चेन्नईहून तंजावरला जावं. राजराज चोळानं हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांच्या वंशाची हकिकत मराठीत कोरून घेतली. देवनागरी अक्षरं, तमिळ भूमी, चोळांची भिंत. दुसऱ्याच्या घराच्या भिंतीवर आपलं चरित्र लिहिणं याला एरवी आपण काय म्हटलं असतं, ते सांगायला नको. शिवाय मराठे तंजावरला आले ते दार वाजवून आले नव्हते, फौज घेऊन आले होते. पण 1799 च्या तहानं सरफोजींचा राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला होता. राज्य गेलेल्या माणसानं चार वर्षांनी भिंतीवर लिहून ठेवलं की आम्ही कोण होतो. 1855 मध्ये गादीही गेली. त्यांच्याबरोबर आलेली मराठी मात्र तमिळ शेजारात शतकानुशतकं घराघरांतून बोलली गेली, आणि त्या घरांपैकी काही आज याच शहरात आहेत.

त्या भिंतीसमोर उभं राहिलं की मला दोन्ही वाटतं: हे लिहायला नको होतं, आणि लिहिलं हे बरं झालं. ते लेखन खरं-खोटं तपासता येतं. वंशावळीतला अमुक दुवा पटत नाही असं इतिहासकार म्हणू शकतात, कारण म्हणायला काही तरी समोर आहे. खूण ठेवणारा आगाऊ असेल, पण तो पकडीत असतो. खूण न ठेवणाऱ्याशी भांडताच येत नाही. सभ्य पाहुणा आणि चोर, दोघंही गेल्यावर खोली सारखीच दिसते.

तर हे प्रश्न मांबलममध्ये माझ्यासमोर आले ते एका ओळखीच्या मामींच्या घरी. त्यांचे यजमान गेल्याला पाच-सहा महिने झाले होते. त्यांचा कॉम्प्युटर टेबलावर, वर क्रोशाचं आच्छादन. परदेशातल्या मुलाचं फोनवर म्हणणं होतं की फॉरमॅट करून कोणाला तरी देऊन टाका. मामींना फोटो हवे होते आणि मुदत ठेवींचे कागद. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. लग्नाची तारीख, कुलदैवत, मुलाचं पाळण्यातलं नाव, सगळं करून झालं होतं. मशीन आता कायद्यानं बहुधा त्यांचंच. पण पासवर्ड लावणाऱ्यानं तो कोणापासून लावला होता? चोरापासून, की घरच्यांपासून, की नुसता सगळे लावतात म्हणून? मेलेल्या माणसाला हे विचारता येत नाही, आणि तो मेला एवढ्यानं त्याची ‘नको’ आपोआप ‘हो’ होते असं मला वाटत नाही. तसंच, बाईनं बँकेपुढे हात पसरून उभं राहावं इतकं त्या ‘नको’चं वजन आहे, असंही वाटत नाही.

पेन ड्राइव्ह लावण्याआधी मी त्यांना सांगितलं की यानं हवं तेवढंच उघडणार नाही, सगळंच उघडेल. त्या जरा थांबल्या. मग तमिळमध्ये विचारलं, तंबी, आपण बघितलं हे त्यात राहील का? मी म्हटलं, नाही. मी डिस्क फक्त वाचता येईल अशा रीतीनं जोडणार होतो. त्यामुळे फाइलींवरच्या तारखासुद्धा बदलणार नव्हत्या. शेवटचं काम त्यांनी ज्या संध्याकाळी केलं ती संध्याकाळ तिथे तशीच राहणार होती. हे ऐकून त्यांना बरं वाटेल असा माझा अंदाज होता. त्या म्हणाल्या, राहणार नसेल तर मी इथेच बसते.

खुर्ची ओढून त्या पडद्यासमोर बसल्या आणि माउस त्यांनी घेतला. मी बाजूला स्टुलावर. फोटोंची तीन फोल्डरं त्यांनी निवडली, बँकेचं एक. एका फोल्डरवर यजमानांच्या नावाची फक्त आद्याक्षरं होती. त्यावर बाण बराच वेळ थांबला. मग त्या म्हणाल्या, हे राहू दे, आणि बाण पुढे गेला.

काम संपल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातून हिशेबाची वही आणली. त्या दिवसाच्या दूध आणि नारळाच्या नोंदीखाली तमिळमध्ये तारीख, वेळ आणि माझं नाव लिहिलं. कोणती चार फोल्डरं काढली ते लिहिलं, आणि कोणतं उघडलं नाही तेही. मग वही माझ्याकडे फिरवून खाली सही घेतली, कुरिअरवाल्याची घेतात तशी.